दमलेल्या माणसाचे वाहन

न्यूझीलंडमधल्या दुग्धव्यवसायाचे वर्ष १ जूनला सुरू होते. त्या दिवसाच्या आगेमागे कितीतरी कुटुंबे घरसामान, कुत्री आणि पुष्कळदा गायींचे कळपसुद्धा घेऊन एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर मुक्काम हलवतात. यांतले काही पगारी असतात, काहींची स्वतःची जनावरे असतात, आणि काहीजण या दोहोंच्या मधले, म्हणजे मालकाच्याच गायी सांभाळून दुधातल्या घन पदार्थांच्या दर किलोमागे ठरलेला मोबदला घेणारे कंत्राटी असतात. या तिसऱ्या वर्गात शिरणाऱ्याला माणसांचे पगार, इंधन आणि बहुतेक करारांत फार्मवर फिरण्याची वाहनेही स्वतःच्या खिशातून उभी करावी लागतात. मी आणि माझी पत्नी न्यूझीलंडच्या वायकाटो भागात पगारावरून कंत्राटावर आलो, तेव्हा क्वाड, म्हणजे फार्मवर फिरायची चार चाकांची उघडी गाडी, कोणती घ्यावी हा प्रश्न प्रथमच आमच्या पैशांचा झाला. तोवर मालकाने दिलेल्या गाडीची किल्ली फिरवायची आणि निघायचे, एवढाच माझा तिच्याशी संबंध होता. ती नेमकी कशी चालते आणि कोणासाठी बनवलेली आहे, याचा विचार करण्याची वेळ त्यानंतर आली.

महाराष्ट्रात हे वाहन एटीव्ही या नावाने माहीत आहे, तेही बहुतेकांना अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर दहा मिनिटे भाड्याने मिळणारा खेळ म्हणून. मोटारसायकलसारखे हँडल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची सीट, चार फुगीर टायर, पुढेमागे सामान बांधायला लोखंडी रॅक आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, असे त्याचे रूप असते. मूठ पिळायच्या ऐवजी अंगठा दाबायचा, यामागे कारण आहे. खडबडीत जमिनीवर गाडी उसळली आणि अंग मागे फेकले गेले, की हँडल घट्ट धरलेल्या हाताकडून मूठ आपोआप पिळली जाऊन गाडी आणखी उधळण्याचा धोका असतो. अंगठा मात्र सहज सुटतो. जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, पहाटे तो गारठून बधिर होतो, ही गोष्ट वेगळी.

शेतीच्या कामाला हे वाहन लागतेच का, हा प्रश्न गावाकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पडतो, आणि त्याचे उत्तर जनावर कुठे खाते यात आहे. आमच्या कोल्हापूर भागात म्हैस गोठ्यात उभी असते आणि वैरण तिच्यापर्यंत जाते. भारा डोक्यावरून, सायकलवरून किंवा बैलगाडीतून जातो, आणि मी लहान असताना तो बजाज एम-८० वरून जायचा, दुधाचे कॅनही तीवरूनच संस्थेत पोहोचायचे. न्यूझीलंडमध्ये गायी वर्षभर उघड्यावर कुरणात चरतात आणि दिवसातून दोनदा धारेसाठी शेडपर्यंत चालत येतात. सरासरी कळप चारशेहून अधिक गायींचा आणि जमीन दीडशे हेक्टरांच्या आसपास असल्यामुळे गवत कापून नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, परंतु माणसाला गायींच्या मागे जावे लागते. पहाटे साडेचारला दूरच्या पॅडॉकमधून, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणाच्या तुकड्यातून, कळप उठवून आणणे, धार झाल्यावर त्यांना ताज्या गवतावर सोडणे, उद्याच्या चराईसाठी विजेची तात्पुरती तार पुढे सरकवणे, पाण्याच्या टाक्या पाहणे, व्यायला आलेल्या गायींवर नजर ठेवणे आणि मोसमात नवजात वासरे ट्रेलरमधून गोठ्यात आणणे, ही सगळी कामे मिळून रोजचे कितीतरी किलोमीटर होतात, आणि त्यांतले बरेचसे ओल्या गवतावरून होतात.

या कामासाठी क्वाड कोणी मुद्दाम घडवलेली नव्हती, हे मला तिच्याबद्दल वाचताना कळले. होंडाने १९७० साली अमेरिकेत आणलेले तीन चाकी वाहन हे मूळचे करमणुकीचे वाहन होते. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत म्हणून तिथल्या विक्रेत्यांना बर्फात आणि चिखलात चालेल असे काहीतरी विकायला हवे होते. शेतकऱ्यांनी ते स्वतःहून उचलले, कारण मऊ टायर गवत फारसे उखडत नसत. सुझुकीने १९८२ मध्ये त्याला चौथे चाक दिले, १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना जोर देणारी क्वाड बाजारात आणली, आणि तीन चाकी गाड्या इतक्या उलटू लागल्या होत्या की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर त्यांची विक्री थांबली. खेळण्याचे हे मूळ क्वाडच्या अंगात अजून शिल्लक आहे, असे मला वाटते. ट्रॅक्टर पाहिला की माणसाला काम आठवते. क्वाड पाहिली की चाळिशीतल्या माणसालाही जरा जोरात दामटावीशी वाटते.

जूनमध्येच हॅमिल्टनजवळच्या मिस्टरी क्रीक येथे फील्डेज हे मोठे कृषिप्रदर्शन भरते, आणि क्वाड घेऊ पाहणारा प्रत्येक जण तिथल्या मांडवांतून चिखल तुडवत हिंडतो. विक्रेता बोलायला सुरुवात करतो ती बहुतेक वेळा इंजिनच्या सीसीपासून. ४२०, ५२०, ५७०, ७०० हे आकडे ऐकून गिऱ्हाईक मनातल्या मनात वर चढत जाते, आणि थोडे जास्त पैसे घालून मोठी घेतलेली बरी, अशा निष्कर्षाला येते. डेअरी फार्मच्या रोजच्या कामात मात्र क्वाड बहुतांश वेळ गायीच्या चालीने चालते. गायींना मागून रेटले की त्या दगडाळ वाटेवर पाय नीट न टेकता दाटीवाटीने चालतात आणि त्यांच्या खुरांना इजा होऊन लंगड्या होतात, त्यामुळे चांगल्या गुराख्याची गाडी कळपामागे जवळजवळ रांगतच असते. अशा कामात इंजिनच्या ताकदीपेक्षा अगदी कमी वेगात ते किती शांतपणे आणि न गुदमरता चालते, याला महत्त्व असते.

मी पाहण्यात सर्वांत अधिक वेळ घालवला तो मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यावर, आणि गिअरवर. काही क्वाडना मागे एकच अखंड अ‍ॅक्सल असतो. त्यात डिफरन्शियल नसल्यामुळे दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात आणि वळताना आतल्या चाकाला घसरावे लागते. टणक जमिनीवर अशी गाडी वळायला कुरकुरते, सरळ जायचा हट्ट धरते, आणि स्वाराला अंग झोकून तिला वळवावे लागते. त्याउलट दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी खाचखळग्यांतून आरामात जाते, पोटाखाली जास्त मोकळी जागा ठेवते, पण मागे वजन लादले की बसकण मारते, आणि तिच्यात झिजणारे सांधे व फाटणारी रबरी आवरणे अधिक असतात. ट्रेलर ओढणाऱ्याला अखंड अ‍ॅक्सलचा ताठपणा आवडतो. दिवसभर गाडीवर बसणाऱ्याच्या कमरेला स्वतंत्र सस्पेन्शन आवडते. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असल्यामुळे तो इथल्या चहाच्या सुट्टीत कधीच संपत नाही.

गिअरचा प्रश्न मला त्याहून गंभीर वाटला. बऱ्याच क्वाडमध्ये स्कूटरसारखा पट्टा असतो. गिअर बदलावे लागत नाहीत, अंगठा दाबला की गाडी पळते. उतारावर अंगठा सोडल्यानंतर मात्र साध्या पट्ट्याच्या गाडीचा वेग एका मर्यादेखाली आला, की इंजिनची पकड सुटते आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. यामाहासारख्या काही कंपन्यांनी पट्टा सतत ताणलेला ठेवून आणि निराळा क्लच बसवून यावर उपाय केला आहे, आणि गिअरच्या गाड्यांत इंजिन स्वतःच वेग धरून ठेवते. सपाट फार्मवर हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्या फार्मचा बराच भाग सपाट असला तरी उरलेला पिरोंगिया डोंगराच्या दिशेने चढत जातो, आणि ओल्या गवताच्या उतारावर मागे वासरांचा ट्रेलर असताना नुसत्या ब्रेकवर विसंबून राहणे कठीण असते, कारण क्वाडमागच्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात आणि तो गाडीला मागून ढकलतो.

इथे स्वाराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते निवडीचा सगळा भार त्याच्यावरच आहे. मोटारीत बसलेला माणूस मोटारीच्या दृष्टीने सामान असतो. क्वाडवर बसलेला माणूस यंत्राचा भाग असतो. मध्यम आकाराची क्वाड पावणेतीनशे ते तीनशे किलोंची असते आणि तिच्यावरचा माणूस पंच्याहत्तर किलोंचा, म्हणजे एकूण वजनाचा पाचवा हिस्सा जमिनीपासून सर्वांत उंच आणि सर्वांत हलता असतो. चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरायचे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला कलायचे, हे कसब नसून गाडी चालवण्याची अटच आहे. जो हे सतत करू शकतो त्याच्यासाठी क्वाड स्थिर असते. तीच गाडी त्याच उतारावर सुस्त बसलेल्या माणसासाठी अस्थिर होते. म्हणून दोन क्वाडची तुलना करताना माहितीपत्रकातल्या आकड्यांत न सापडणारी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे चालवणारा त्या क्षणी किती सावध आहे.

क्वाडची सीट लांब असते ती यासाठीच, स्वाराला पुढेमागे सरकता यावे म्हणून. आपल्या माणसाची नजर मात्र लांब सीट पाहिली की दुसरी जागा शोधते. ज्यांचे बालपण लुनावर तिघे बसून शाळेत जाण्यात गेले, त्यांना एकट्यासाठी इतकी सीट ही उधळपट्टी वाटते, आणि भारतातून नवीन आलेल्या कामगाराला मागे कोणाला बसवू नको हे पुनःपुन्हा सांगावे लागते. मागे माणूस बसला की त्याचे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा त्याच्याही मागे जाते, पुढची चाके हलकी होतात, आणि पुढच्या माणसाला सरकायला जागा उरत नाही. मुलांच्या बाबतीत तर इथली शिफारस स्पष्ट आहे की १६ वर्षांखालील कोणीही मोठ्यांची क्वाड चालवू नये. आमच्या आसपासच्या प्रत्येक फार्मवर ती पाळली जाते, असे म्हणणे धाडसाचे होईल.

उलटलेल्या क्वाडखाली सापडलेली माणसे नेहमी आघातानेच दगावतात असे नाही. पुष्कळदा तीनशे किलोंचे वजन छातीवर राहून श्वास कोंडतो, आणि दीडशे हेक्टरांच्या फार्मवर हाक ऐकायला जवळ कोणी नसते. ऑस्ट्रेलियात दरवर्षी सरासरी सोळा माणसे क्वाडच्या अपघातांत जात असल्याचे तिथल्या ग्राहक आयोगाने नमूद केले, २०१९ मध्ये सुरक्षा मानक आले, आणि ११ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या कामाच्या क्वाडला, ती उलटल्यावर स्वाराला वाचवणारी चौकट असल्याशिवाय तिथे विकता येत नाही. होंडा आणि यामाहा यांनी त्या अटीला हरकत घेऊन तिथल्या बाजारातून क्वाड काढून घेतल्या. त्या चौकटीने स्वार उलट तिच्याखालीच सापडेल, असा त्यांचा आक्षेप होता. न्यूझीलंडमध्ये तशी सक्ती नाही, परंतु कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर देखरेख करणारी वर्कसेफ ही संस्था चौकट बसवण्याची जोरदार शिफारस करते. त्यामुळे समुद्राच्या एका बाजूला जी गाडी दुकानात मिळतच नाही, ती दुसऱ्या बाजूला सर्रास दिसते. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून मी चौकटीच्या बाजूचा झालो, कारण आडव्या उतारावर कमी वेगात हळूच कलंडणे, हाच प्रकार डेअरीवाल्यांच्या कामात सर्वांत संभवनीय आहे, आणि तिथे गाडी व जमीन यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहिली तरी श्वास चालू राहतो.

मग क्वाडच कशाला, असा प्रश्न पत्नीने विचारला, आणि तो विचारायला हवाच होता. स्टिअरिंग, शेजारी-शेजारी दोन सीट, सीटचे पट्टे, डोक्यावर सांगाडा आणि मागे हौदा असलेले साइड-बाय-साइड हे वाहन अनेक फार्मवर क्वाडची जागा घेत आहे. त्यात चालवणाऱ्याला तोल सांभाळायचा नसतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या चाचण्यांतही अशी वाहने क्वाडइतकी सहज कलंडत नाहीत असे दिसले होते. त्याची उणीव किमतीत आणि रुंदीत आहे, आणि आणखी एक उणीव आहे जिच्याविषयी विक्रेते बोलत नाहीत. डेअरी फार्मवर पावलोपावली फाटक असते, प्रत्येक फाटकाला उतरावे लागते, आणि प्रत्येक वेळी पट्टा सोडून पुन्हा लावणारा माणूस मी फारसा पाहिलेला नाही. पट्टा न लावलेल्या माणसासाठी तोच सांगाडा जीवघेणा ठरू शकतो, कारण गाडी कलंडताना तो बाहेर फेकला जातो आणि सांगाडा त्याच्यावर येतो.

याच सुमारास गावाकडून थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांचा फोन आला. मी क्वाड बघतोय हे त्यांना कळले होते. "अरे, हे आपल्या उसात चालंल का? बघून सांग," असे त्यांनी विचारले. चालणार नाही, असे मी सांगितले, आणि माझे मत अजून तेच आहे. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे, तीही पुष्कळदा दोन-तीन ठिकाणी विखुरलेली, आणि एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला सार्वजनिक रस्ता लागतो. सामान्य एटीव्हीला तिकडे रस्त्यावर चालण्याची नोंदणी मिळत नाही. क्वाडला ट्रॅक्टरसारखा अवजार फिरवणारा पीटीओ नसतो, म्हणजे रोटाव्हेटर नाही, मळणी नाही, ब्लोअर नाही. फवारणीचा पंपसुद्धा बॅटरीवर चालणारा छोटाच. द्राक्षबागेतल्या किंवा उसातल्या माणसाला तेवढ्या पैशांत लहान ट्रॅक्टर कितीतरी अधिक कामे करून देतो, आणि डिझेलवर करून देतो. आबांना हे पटले, पण थोडे वाईटही वाटले, असे मला त्यांच्या आवाजावरून जाणवले. क्वाड दिसायला देखणी असते हे नाकारता येत नाही.

निवड करताना मी शेवटी ऑगस्टमधली एक पहाट कसोटी म्हणून धरली. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत गायी विण्याचा मोसम असतो. त्या काळात माणूस आठवडेच्या आठवडे अपुरे झोपतो, पावसात भिजतो, तीस-पस्तीस किलोंची ओली वासरे उचलून ट्रेलरमध्ये ठेवतो, आणि त्यांची आई मागून हंबरत येत असते. बरीचशी वाहने कोरड्या मांडवात, ताज्या दमाच्या माणसाने, रिकाम्या रॅकनिशी चालवून पाहिली जातात, त्यामुळे सगळीच चांगली वाटतात. माझ्या कसोटीला उतरायला हवी होती ती अशी गाडी, जी तिसऱ्या आठवड्यातल्या माणसाकडून कमीत कमी मागेल. मोठी आणि जोरकस क्वाड त्याला अधिक वेग देते, ज्याची त्याला गरज नाही, आणि अधिक वजन देते, जे त्याला चिखलातून ओढून काढता येत नाही. म्हणून मी मध्यम, ४२० सीसीच्या वर्गातली, चारही चाकांना जोर देणारी, गिअरची आणि मागे अखंड अ‍ॅक्सल असलेली गाडी निवडली. वळणावर अंग झोकावे लागण्याचा तिचा त्रास मी पत्करला. बेसावध वेगाने वळायला ती मुळात तयारच होत नाही, आणि पहाटेच्या माणसासाठी हा तिचा गुणच आहे. पत्नीसाठी आणि वासरांच्या ट्रेलरसाठी जुने साइड-बाय-साइड घेतले. ते घेताना पहिली अट हीच घातली की दोन्ही पट्टे सहज लागायला आणि सुटायला हवेत.

गाडीसोबत विक्रेत्याने हेल्मेट आणि मागची चौकट दिली. हवा मोजण्याचे यंत्र मात्र मला मागून घ्यावे लागले. क्वाडच्या टायरमध्ये जेमतेम चार-पाच पीएसआय हवा असते, मोटारीचे मापक त्या पातळीवर नीट वाचतच नाही, आणि एका टायरमध्ये एखादा पीएसआय कमी असला तरी गाडी त्या बाजूला ओढ घेते. खालच्या बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर आडव्या उतारावर कलण्याचे काम आधीच अर्धे झालेले असते. दर सोमवारी चारही टायर मोजायचे, हा नियम आमच्याकडच्या कामगाराला सुरुवातीला विनोदी वाटला.

राहिला प्रश्न फवारणीचा. कुरणातली रॅगवर्ट नावाचे तण आणि काटेरी झाडे टिपून मारण्यासाठी मागच्या रॅकवर टाकी बांधतात, आणि दुकानात शंभर लिटरच्या टाक्या सर्वांत पुढे मांडलेल्या असतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, टाकीचे आणि पंपाचे वजन निराळे. या वर्गातल्या गाडीच्या मागच्या रॅकची मर्यादा मात्र त्याहून कमी असते. शिवाय अर्धी भरलेली टाकी उतारावर पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट, कारण पाणी खालच्या बाजूला धावते, आणि तेही नेमके गाडी कलत असताना. आम्ही पन्नास लिटरची, आत पाण्याला अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या असलेली टाकी घेतली आणि ती पूर्ण न भरता चाळीसपर्यंतच भरतो, म्हणजे वजन मर्यादेत राहते. त्यामुळे डोंगराच्या बाजूच्या पॅडॉकसाठी ती पुनःपुन्हा भरायला खाली यावे लागते, आणि मालक एकदा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, की मोठी घेतली असतीस तर दुपारी घरी असतास. त्यांचा हिशेब बरोबर होता. तरीही टाकी आम्ही बदललेली नाही, आणि सर्वांत उभ्या दोन पॅडॉकमधली झाडे पाठीवरच्या पंपाने, पायी जाऊन मारतो.